खाट एक, नोंदी दोन



'अमुक गृहस्थ इस्पितळात दाखल झाले' हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्याच्या अर्थाविषयी कधी वाद होऊ शकेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. माणसाला खाट मिळाली, हाताला सलाइन लागले, रात्री परिचारिका येऊन नाडी पाहून गेली, म्हणजे तो दाखल झाला, अशी आपली सरळ समजूत असते. अमेरिकेत मात्र एवढे पुरत नाही. तेथे एकाच दालनात, शेजारशेजारच्या खाटांवर, एकच औषध घेत असलेले दोन वृद्ध रुग्ण असू शकतात आणि त्यांतील एक 'दाखल' तर दुसरा केवळ 'निरीक्षणाखाली' असू शकतो. इंग्रजीत या दुसऱ्या अवस्थेला 'ऑब्झर्व्हेशन' म्हणतात. निरीक्षणाखालील रुग्ण तीन रात्री इस्पितळात झोपला तरी कागदोपत्री तो बाह्यरुग्णच राहतो. सकाळी येऊन औषध घेऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या माणसासारखाच.

हा भेद केवळ शब्दांचा असता, तर त्यासाठी आपला वेळ घेण्याचे कारण नव्हते. परंतु या एका शब्दावर पुढच्या हजारो डॉलरांचा हिशेब अवलंबून असतो. आपल्याकडील कितीतरी घरांतील मुलेमुली आज अमेरिकेत स्थायिक आहेत आणि त्यांचे आईवडीलही उतारवयात तेथे राहावयास गेले आहेत. कायम वास्तव्याचा परवाना मिळवून सलग पाच वर्षे तेथे राहिलेल्या पासष्ट वर्षांवरील व्यक्तीला हप्ते भरून 'मेडिकेअर' या सरकारी आरोग्य विम्यात प्रवेश मिळू शकतो. म्हणून हा विषय सातासमुद्रापलीकडचा असला तरी आपल्याला अगदीच परका नाही. हा भेद कसा जन्मास आला आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क सामान्य रुग्णाला मिळण्यास किती काळ लागला, याचा इतिहास आज आपण पाहणार आहोत.

या इतिहासाचा आरंभ १९६५ सालापासून करावा लागतो. वृद्धांच्या आजारपणाचा भार समाजाने उचलावा, हा विचार अमेरिकेत त्याआधी वीस वर्षे घोळत होता. अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी १९४५ च्या नोव्हेंबरात काँग्रेसकडे राष्ट्रीय आरोग्य विम्याची मागणी केली, ती सफल झाली नाही. अखेर ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, ट्रूमन यांच्याच ग्रंथालयात, त्यांच्या साक्षीने मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. या योजनेचे आरंभी दोन भाग होते. 'अ' भाग इस्पितळातील खर्चाचा. तो नोकरीच्या काळात पगारातून कापल्या गेलेल्या करावर चालतो. 'ब' भाग डॉक्टरांच्या सेवेचा आणि बाह्यरुग्ण उपचारांचा. तो ऐच्छिक असून त्यासाठी दरमहा हप्ता भरावा लागतो आणि खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा रुग्णाने स्वतः सोसावयाचा असतो.

'अ' भागातच शुश्रूषागृहाची तरतूद होती. इस्पितळातून बाहेर पडलेल्या, परंतु घरी जाण्याइतके बळ न आलेल्या वृद्धाला शंभर दिवसांपर्यंत कुशल शुश्रूषा मिळावी, त्यांतील पहिल्या वीस दिवसांचा संपूर्ण खर्च योजनेने द्यावा, असा तो नियम. मात्र त्याला एक अट जोडलेली होती : रुग्ण आधी सलग तीन दिवस इस्पितळात दाखल झालेला असला पाहिजे. ही अट दुष्टपणाने घातलेली नव्हती. शुश्रूषागृहे म्हणजे निराधार वृद्धांची कायमची वसतिस्थाने होऊन सरकारी तिजोरीवर असह्य भार पडू नये, ही रास्त भीती त्यामागे होती. त्या काळी आजारी वृद्ध इस्पितळात सहज आठवडा, दोन आठवडे राहत असे. तीन दिवसांची अट कोणाला जाचक वाटण्याचे कारणच नव्हते.

परिस्थिती पालटली ती १९८३ साली. तोपर्यंत इस्पितळाने जेवढा खर्च दाखवावा तेवढा मेडिकेअरने भरून द्यावा अशी पद्धत होती. साहजिकच रुग्णाला लवकर घरी पाठवण्याची घाई कोणास नव्हती आणि खर्च वर्षागणिक वाढत होता. १९८३ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष रेगन यांच्या सहीने नवा कायदा आला. रोगांचे सुमारे ४७० गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटासाठी ठोक रक्कम ठरवण्यात आली. रुग्ण दोन दिवस राहो वा दहा दिवस, न्यूमोनियाचे अमुक, हृदयविकाराचे तमुक एवढेच पैसे मिळावयाचे. लवकर बरे करून पाठवावे यात आता इस्पितळाचा लाभ होता. रुग्णांचे मुक्काम भराभर आखूड झाले; परंतु त्यातून एक नवाच प्रश्न उद्भवला. जो रुग्ण एकच रात्र राहिला त्याच्यासाठीही पूर्ण ठोक रक्कम द्यावी लागे. मग सरकार विचारू लागले, या माणसाला मुळात दाखल करण्याची गरज होती काय?

येथे 'निरीक्षण' या संकल्पनेला महत्त्व आले. वैद्यकीय दृष्टीने ती अगदी योग्य आहे. छातीत कळ आली म्हणून कोणी रात्री धावत आला, तर ती कळ हृदयाची की पित्ताची हे तत्क्षणी सांगता येत नाही. रक्ताची तपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते, हृदयाचा आलेख पुन्हा काढावा लागतो. तोवर त्याला घरी पाठवणे धोक्याचे आणि दाखल करून घेणे कदाचित अनावश्यक. अशा रुग्णाला काही तास नजरेखाली ठेवावे आणि मग निर्णय घ्यावा, हा निरीक्षणाचा मूळ हेतू. मेडिकेअरच्या नियमपुस्तिकेतही असेच म्हटले होते की हा निर्णय बहुधा चोवीस तासांच्या आत व्हावा आणि अठ्ठेचाळीस तासांपलीकडे तो क्वचितच लांबावा. मात्र निरीक्षणाचे पैसे 'अ' भागातून नव्हे, तर 'ब' भागातून मिळत. दोन भागांच्या सीमारेषेवरची ही अरुंद पट्टी पुढे इतकी रुंदावेल, असे त्या वेळी फारसे कोणास वाटले नसावे.

मध्यंतरी ही कोंडी सुटण्याची एक संधी येऊन गेली. १९८८ साली काँग्रेसने मोठ्या आजारांच्या खर्चापासून वृद्धांना संरक्षण देणारा कायदा केला. त्यात शुश्रूषागृहासाठी असलेली तीन दिवसांची अटच काढून टाकण्यात आली आणि १९८९ साली ती खरोखर अमलात नव्हती. परंतु या नव्या लाभांचा खर्च वृद्धांकडूनच जादा आकारणीने वसूल व्हावयाचा होता. त्याविरुद्ध असा गदारोळ उठला की त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात काँग्रेसला तो कायदा मागे घ्यावा लागला. कायदा गेला, त्याबरोबर जुनी तीन दिवसांची अट परत आली.

यापुढील वळण हिशेबतपासनीसांनी आणले. २००३ च्या कायद्यान्वये सरकारने चुकीने दिले गेलेले पैसे शोधून काढण्यासाठी खाजगी कंत्राटदार नेमले. २००५ ते २००८ या काळात कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क या राज्यांपासून आरंभ करून हा प्रयोग झाला आणि नंतर तो देशभर लागू करण्यात आला. या तपासनीसांना पगार नव्हता. परत मिळवलेल्या रकमेतून साधारण ९ ते १२.५ टक्के मोबदला त्यांना मिळे. अशा माणसाची नजर कोठे जाईल हे सांगावयास नको. एक-दोन रात्रींच्या मुक्कामांची जुनी प्रकरणे त्यांनी उकरून काढली. 'उपचार आवश्यक होते हे मान्य. परंतु ते बाह्यरुग्ण म्हणून करता आले असते' असा शेरा मारला की संपूर्ण रक्कम परत मागता येत असे.

इस्पितळांनी यावर जो मार्ग काढला तो व्यवहारी होता. उद्या पैसे परत द्यावे लागण्यापेक्षा आज रुग्णाला दाखलच करू नये, निरीक्षणाखाली ठेवावे, हे अधिक सुरक्षित. शिवाय २००४ पासून आणखी एक सोय झालेली होती. डॉक्टरने दाखल केलेल्या रुग्णाची नोंद, तो घरी जाण्यापूर्वी, इस्पितळाची पाहणी समिती डॉक्टरच्या संमतीने पालटून बाह्यरुग्ण अशी करू शकत असे. रुग्ण त्याच खाटेवर, तीच औषधे घेत पडून राही. कागदावर मात्र त्याचा मुक्काम पहिल्या घटकेपासून बाह्यरुग्णाचा ठरे.

याचा परिणाम केवढा झाला हे आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून दिसते. एकट्या २०१२ साली मेडिकेअरच्या रुग्णांचे निरीक्षणाचे सुमारे १५ लाख मुक्काम झाले. आणि किमान तीन रात्री इस्पितळात काढूनही ज्यांत 'दाखल' म्हणून तीन रात्री भरल्या नाहीत, असे मुक्काम ६,१७,७०२ होते.

या आकड्यामागे काय दडले आहे पाहा. समजा, ऐंशी वर्षांची एक वृद्धा घरात पडली. कंबरेचे हाड चिरले, शस्त्रक्रियेची गरज नाही, पण उठता-बसता येत नाही. चार रात्री इस्पितळात काढल्यावर तिला शुश्रूषागृहात पाठवण्यात येते. तेथे गेल्यावर कळते की चारही रात्री ती निरीक्षणाखाली होती. सबब शुश्रूषागृहाचा एक पैसाही मेडिकेअर देणार नाही. इस्पितळातील रोजच्या गोळ्यांचे निराळे बिल येते, ते वेगळेच. तिने 'ब' भाग घेतलेला नसेल, तर इस्पितळाचा सगळा खर्चही तिच्या माथी. आणि या सर्व काळात तिला कोणी विचारले नाही, सांगितले नाही.

सरकारच्या हे ध्यानात आले नाही असे नाही. १ ऑक्टोबर २०१३ पासून 'दोन मध्यरात्रीं'चा नियम अमलात आला. रुग्णाला इस्पितळातील उपचारांची गरज दोन मध्यरात्री ओलांडून जाईल अशी डॉक्टरची वाजवी अपेक्षा असेल आणि तिला कागदपत्रांचा आधार असेल, तर त्याला दाखल करावे. नसेल तर सामान्यतः निरीक्षणाखाली ठेवावे. नियम सुटसुटीत होता, परंतु घड्याळाच्या काट्यावर वैद्यक चालवण्याचा विक्षिप्तपणा त्यात होताच. रात्री अकराला आलेल्या माणसाची पहिली मध्यरात्र तासाभरात उलटते. पहाटे एक वाजता आलेल्याला तिच्यासाठी जवळजवळ पूर्ण दिवस थांबावे लागते. पुढे, २०१६ पासून, डॉक्टरच्या विवेकाला वाव देणारा अपवाद या नियमात घालण्यात आला. तथापि मूळ दुखणे राहिलेच. निरीक्षणाखाली काढलेली रात्र दोन मध्यरात्रींच्या हिशेबात धरली जाते. पण शुश्रूषागृहासाठी लागणाऱ्या तीन दिवसांच्या हिशेबात तीच रात्र धरली जात नाही! कनेक्टिकट राज्याचे प्रतिनिधी जो कोर्टनी यांनी ही विसंगती दूर करणारे विधेयक काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडले. २०२४ अखेरपर्यंत त्याचा कायदा झाला नाही. करोनाच्या साथीत, २०२० च्या मार्चपासून ११ मे २०२३ पर्यंत, तीन दिवसांची अट तात्पुरती शिथिल होती. त्यानंतर ती पुन्हा लागू झाली.

आता अपिलाकडे वळू. मेडिकेअरने दावा नाकारला तर दाद मागण्यासाठी पाच पायऱ्या आहेत. पहिला फेरविचार दावे चुकते करणाऱ्या कंत्राटदाराकडेच होतो. त्यासाठी १२० दिवसांची मुदत. दुसरा एका स्वतंत्र कंत्राटदाराकडे. त्यासाठी १८० दिवस. तिसऱ्या पायरीवर प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी, चौथ्यावर अपील मंडळ आणि पाचव्यावर संघराज्याचे न्यायालय; या तिन्हींसाठी साठ-साठ दिवस. तपासनीसांनी पैसे परत मागताच इस्पितळांनी या जिन्यावर एकच गर्दी केली. न्यायाधीशाने नव्वद दिवसांत निकाल द्यावा असे कायदा सांगतो. परंतु २०१३ च्या अखेरीस इस्पितळांना असे कळवावे लागले की त्यांचे नवे अर्ज निदान दोन वर्षे न्यायाधीशांकडे सोपवले जाणार नाहीत. इस्पितळांच्या संघटनेने २०१४ साली न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी सरकारने वादग्रस्त रकमेचे ६८ टक्के घेऊन अपिले सोडून देण्याची तडजोड पुढे केली. २०१८ च्या नोव्हेंबरात सव्वाचार लाखांहून अधिक अपिले तुंबलेली होती आणि ती २०२२ पर्यंत निकालात काढावीत असा हुकूम न्यायालयाला द्यावा लागला.

हे सगळे इस्पितळांचे झाले. ज्याच्या नावाने हा वाद चालला होता, तो रुग्ण कोठे होता? त्याला या जिन्याची पहिली पायरीही मोकळी नव्हती. 'तुमचा दावा नाकारलेलाच नाही; तुम्ही बाह्यरुग्ण होतात आणि त्याप्रमाणे पैसे दिले गेले आहेत, मग अपील कशाचे?' असे त्याला सांगितले जाई. युक्तिवाद बिनतोड होता, आणि म्हणूनच तो निर्दय होता.

या भिंतीला पहिला धक्का २०११ च्या नोव्हेंबरात बसला. काही वृद्ध रुग्ण आणि दिवंगत रुग्णांचे वारस यांनी कनेक्टिकटमधील संघीय न्यायालयात सर्वांच्या वतीने दावा लावला. २०१३ साली तो फेटाळण्यात आला. २०१५ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यातील एक मुद्दा जिवंत केला. 'दाखल' म्हणून मिळणारे लाभ हा रुग्णाचा एक प्रकारचा मालकी हक्क आहे काय, आणि असल्यास, म्हणणे ऐकून न घेता तो हिरावून घेणे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे काय, असा तो मुद्दा. अमेरिकेच्या घटनेची पाचवी दुरुस्ती सांगते की योग्य न्यायप्रक्रियेवाचून कोणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावली जाऊ नये. आणि सरकारी साहाय्य बंद करण्यापूर्वी गरिबाला सुनावणी मिळाली पाहिजे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७० सालीच सांगून ठेवले होते.

दरम्यान २०१५ च्या ऑगस्टमध्ये एक लहानसा कायदा झाला. चोवीस तासांहून अधिक काळ निरीक्षणाखाली असलेल्या रुग्णाला, छत्तीस तासांच्या आत, लेखी आणि तोंडी दोन्ही प्रकारे, आपण दाखल नाही आणि त्याचे परिणाम काय होतील हे सांगितले पाहिजे. २०१७ च्या मार्चपासून ही सूचना सक्तीची झाली. निदान अंधार तरी दूर झाला. परंतु सूचना मिळाली तरी तिच्याविरुद्ध अपील करण्याची सोय त्या कायद्याने दिली नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हार्टफर्ड येथे न्यायाधीश मायकेल शे यांच्यासमोर प्रत्यक्ष सुनावणी झाली आणि २४ मार्च २०२० रोजी निकाल लागला. न्यायालयाने सरसकट सर्वांना हक्क दिला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांना पहिल्यापासूनच निरीक्षणाखाली ठेवले होते त्यांची मागणी मान्य झाली नाही. परंतु ज्यांना डॉक्टरने रीतसर दाखल केले आणि मग इस्पितळाने ज्यांची नोंद पालटली, त्यांना दाद मागण्याची सोय मिळालीच पाहिजे, असे ठरले. जे दिले ते काढून घेताना ऐकून घ्यावे लागते, हे त्यामागचे साधे तत्त्व. २०२२ च्या जानेवारीत वरिष्ठ न्यायालयाने हा निकाल कायम केला. त्याला अनुसरून २०२४ च्या ऑक्टोबरात नियम प्रसिद्ध झाले आणि १४ फेब्रुवारी २०२५ पासून नव्या रुग्णांसाठी अपिलाची सोय प्रत्यक्षात आली. १ जानेवारी २००९ पासूनच्या जुन्या प्रकरणांनाही त्यात जागा मिळाली. त्यांच्या अर्जांसाठी २ जानेवारी २०२६ ही मुदत ठेवण्यात आली. नवीन रुग्णाला तर इस्पितळ सोडण्यापूर्वीच लेखी सूचना मिळून तातडीचे अपील करता येते. दावा लावल्यापासून या दिवसापर्यंत तेरा वर्षे उलटली होती. वृद्धांच्या आयुष्यात तेरा वर्षे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

या इतिहासाला एक उपप्रकरण आहे. मेडिकेअरचे लाभ खाजगी विमा कंपन्यांमार्फत घेण्याची सोय आहे आणि २०२३ सालापर्यंत निम्म्याहून अधिक लाभार्थी त्या बाजूस गेले होते. या कंपन्या 'दाखल' की 'निरीक्षण' हे आपापल्या कसोट्यांनी ठरवीत. १ जानेवारी २०२४ पासून दोन मध्यरात्रींची कसोटी त्यांनाही बंधनकारक झाली. त्यांच्या नकारांविषयी महानिरीक्षकांनी २०१८ साली जो अहवाल दिला तो मननीय आहे. २०१४ ते २०१६ या काळात कंपन्यांनी दिलेल्या नकारांपैकी सुमारे एकच टक्का नकारांवर अपील झाले. परंतु ज्यांवर झाले त्यांपैकी तीन चतुर्थांश प्रकरणांत कंपन्यांनी आपलाच निर्णय फिरवला. यावरून सगळेच नकार चुकीचे असतात असे अनुमान काढणे घाईचे होईल. कारण बळकट प्रकरण असलेलाच माणूस बहुधा अपिलाच्या भानगडीत पडतो. परंतु शंभरांतील नव्याण्णव नकार मुकाट्याने स्वीकारले गेले आणि त्यांत न्याय्य दावे किती बुडाले हे या आकड्यांवरून कळत नाही, एवढे मात्र खरे.

म्हणून ज्यांची वडीलधारी माणसे तेथे आहेत त्यांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इस्पितळात पाय ठेवल्यापासून रोज विचारावे, 'आमचे माणूस दाखल आहे की निरीक्षणाखाली?' दुसरे उत्तर आले तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला गाठून, रुग्णाची प्रकृती पाहता दाखल करणे योग्य ठरेल काय, याची चर्चा रुग्ण तेथे असतानाच करावी. कारण रुग्ण एकदा घरी गेला की नोंद बदलणे अत्यंत कठीण. हाती आलेली प्रत्येक सूचना, तारीख आणि वेळ यांसह, जपून ठेवावी. आणि नकाराचे पत्र आले तर त्यातील कारण व मुदत प्रथम वाचावी; पुष्कळ अपिले दुबळ्या पुराव्याने नव्हे, तर उलटून गेलेल्या तारखेने बुडतात.

या साऱ्या कथेत खलपुरुष शोधू गेले तर तो सापडत नाही. तीन दिवसांची अट घालणारे तिजोरीची काळजी वाहत होते, ठोक दर ठरवणारे उधळपट्टी थांबवीत होते, तपासनीस आपले काम करीत होते आणि इस्पितळे दंडातून सुटका करून घेत होती. प्रत्येकाकडे आपापले सबळ कारण होते. फक्त या सगळ्यांच्या मध्ये खाटेवर पडलेल्या माणसाला बोलण्याची जागा कोणी ठेवली नव्हती. न्यायालयाने अखेर त्याला पैसे दिले नाहीत, औषध दिले नाही. आपले म्हणणे मांडण्यापुरती एक जागा दिली. ती जागा मिळवण्यासाठी झगडलेल्यांपैकी काहीजण निकाल ऐकण्यास हयात नव्हते. त्यांच्यामागून येणाऱ्यांनी निदान तिचा उपयोग करावा.